जाताना कुणीतरी असावं

पस्तिशीपासून मला एक खोड होती. कुणी स्वामी, माताजी, प्रवचनकार आला की मी पहिल्या रांगेत जाऊन बसायची. कसबा बावड्यात आमची पिठाची गिरणी होती आणि ती मीच चालवायची. मालक, म्हणजे माझा नवरा, साखर कारखान्यात बॉयलरवर होता. दुपारी दोन ते चार गिरणी बंद. गल्लीतल्या बाकीच्या बायका त्या वेळात पाठ टेकायच्या. मी केसांवरचं पीठ झटकून प्रवचनाला पळायची.

माहेर गडहिंग्लजच्या पुढं, कर्नाटकच्या हद्दीजवळ. आई रोज सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करायची, आणि मग दिवसभर म्हशी, शेण, भाकरी. एकदा मी तिला विचारलं, "तू देवाकडं काय मागतीस?" ती म्हणाली, "मागायचं कशाला? काम दिलंय की त्यानं." काम हीच तिची पूजा होती आणि तेवढं तिला पुरत होतं. मला पुरलं नाही. गिरणीचा पट्टा सुरू झाला की त्या आवाजात माझ्या मनात एकच चालायचं. एवढ्यासाठीच का? दळायचं, जेवायचं, पोरीचं लग्न करायचं आणि एक दिवस मरायचं. आपल्या जिवापेक्षा मोठं असं आपल्याकडं काहीच नाही, हे मला सलायचं. पोरीसाठी जीव दिला असता, हे खरं. पण तेवढं म्हैससुद्धा रेडकासाठी करते.

मी एका बैठकीत अनुग्रह घेतला, दोन वर्षांनी सोडला. पारायणं केली. दहा दिवसांच्या मौनाच्या शिबिराला जाऊन आले. परत आल्यावर शेजारणीला तिथलं सगळं सांगत बसले, तर मालक आतून म्हणाले, "दहा दिवस गप बसलीस त्याची भरपाई एका दिवसात करतीस व्हय?" ते चिडून म्हणाले नव्हते. माझी ही धडपड त्यांनी कधी अडवली नाही, पण ती त्यांना कळतही नव्हती. माहेरच्या बाजूला एका लहानशा मठात एक म्हातारे स्वामी होते. त्यांना मी सरळच विचारलं की माझ्या जिवापेक्षा मोठं काही मला कधी सापडेल का. ते भुईमुगाच्या शेंगा निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "सापडंल. पण सापडलं की पहिल्यांदा नकोसं वाटंल बघ." मला वाटलं, टाळण्यासाठी काहीतरी बोलले.

पोरीचं लग्न झालं. मालक निवृत्त झाले, त्यांच्या खुब्यात सळई बसली, आणि मलाही पोती उचलवेनात म्हणून आम्ही गिरणी बंद केली. त्याच वर्षी माझ्या जाऊबाईंचं ऑपरेशन शहरातल्या सरकारी दवाखान्यात झालं. दिवसा मी त्यांच्याजवळ बसायची. त्यांच्या पलीकडच्या खाटेवर एक आजी होत्या. एसटी स्टँडवर पडलेल्या सापडल्या म्हणून पोलिसांनी आणून टाकलेल्या. केसपेपरवर नावाच्या जागी ‘बेवारस’ लिहिलेलं होतं. त्यांच्याकडं कुणी यायचं नाही. नर्स सलाईन बदलायची, सफाईची बाई चादर ओढायची, तेवढंच.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या आजींनी माझ्याकडं हात केला. मी जवळ गेले. त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "बस जरा."

मी सकाळपासून चहा घेतला नव्हता. जाऊबाईंना नुकताच डोळा लागला होता. म्हटलं, "येतो हं आज्जी, पाच मिनिटांत." आमच्याकडं बायकाही ‘येतो’, ‘जातो’ म्हणतात. कँटीनला गर्दी होती, तिथं ओळखीची एक बाई भेटली, तिच्याशी बोलत उभी राहिले. परत आले तर आजींच्या तोंडावर पांढरी चादर होती.

मी खूप रडले असं नाही. आजी माझ्या कोण होत्या? पण मनगटावरची ती पकड जाईना. पीठ मळताना, दार लावताना, मध्येच ती जागा जाणवायची. त्यांनी काही फार मागितलं नव्हतं. औषध नाही, पाणीही नाही. बस म्हणाल्या होत्या, आणि माझ्याजवळ वेळ होता.

जाऊबाई घरी आल्या, पंधरा दिवस गेले. मग एका मंगळवारी मी बस पकडून पुन्हा त्या वॉर्डात गेले. तिथल्या मुख्य सिस्टर जाड भिंगाच्या, तोंडानं फटकळ. मी म्हटलं, "ज्यांचं कुणी नाही त्यांच्याजवळ मी बसू का?"

"बसून काय करणार?"

"काही नाही. बसणार."

त्यांनी मला खालून वर बघितलं. "प्रवचन करायचं न्हाई. प्रसाद, अंगारा, पोथी काय आणायचं न्हाई. फोटो काढायचे न्हाईत. आणि चक्कर येऊन पडायचं न्हाई. मला एक पेशंट आणखी नको."

"बरं."

"मग बसा. स्टूल बाहेरनं आणा, हितलं मोडलंय."

अशी सुरुवात झाली. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत. ओठ कोरडे पडले की ओल्या कापसानं पुसायचे. नखं कापायची. म्हाताऱ्या बायकांचे गुंतलेले केस तेल लावून सोडवायचे. कुणी बोललं तर ऐकायचं, नाही तर गप्प बसायचं. पहिल्या महिन्यात मला ते मुळीच आवडलं नाही, हे सांगितलं पाहिजे. वास सहन व्हायचा नाही. घरी येऊन दोनदा आंघोळ करायची. एका म्हाताऱ्याच्या पाठीला झालेल्या जखमा बघून मी जिन्यात जाऊन ओकले. सकाळी चप्पल घालताना रोज वाटायचं, आज नको. मठातले स्वामी आठवायचे आणि त्यांचा रागही यायचा.

तरी जात राहिले. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. हळूहळू वास येईनासा झाला. मरणाऱ्या माणसाचा श्वास कसा बदलतो, पाय आधी कसे गार पडतात, हे कळायला लागलं. आणि बहुतेकांना शेवटी मोठं काही नको असतं, हेही कळलं. एकानं विचारलं, बाहेर ऊन पडलंय का. एका बाईनं विचारलं, आज भाजी काय केलीस. त्या पहिल्या पाच वर्षांत किती जणांजवळ बसले ते मी कधी मोजलं नाही.

त्या मोठ्या महापुराच्या वर्षी, जुलैच्या शेवटी वॉर्डात चंदगडकडची एक बाई आली. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल. जन्मभर काजू सोललेले, त्यामुळं तिची बोटं काजूच्या तेलानं काळी पडली होती आणि टोकांची कातडी गेली होती. पोटात गाठ होती, सगळीकडं पसरलेली. पुतण्या तिला एसटीनं घेऊन आला, भरती केलं, आणि कपडे घेऊन येतो म्हणून गेला तो आलाच नाही. तिच्या बोलण्यात थोडं कोकणी, थोडं कानडी मिसळलेलं असायचं. मला ती पहिल्या दिवसापासून अक्का म्हणायला लागली. माझ्या माहेरीही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. खूप वर्षांनी मला तसं कुणी हाक मारत होतं.

तिला मरणाची भीती नव्हती. एका दुपारी म्हणाली, "अक्का, आमच्या गावात पाऊस लागला की चार-चार दिवस कुणाची गाठ पडत न्हाई. माझी आय तशीच गेली. पावसात. मी गोठ्यात होते. परत आले तर गार." मग चादर गळ्यापर्यंत ओढून म्हणाली, "मला तसं नको."

"मी असंन," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की की."

पाऊस तर आठवडाभर थांबलाच नव्हता. पंचगंगा पात्राबाहेर आली होती. आमचं घर बावड्याच्या खालच्या अंगाला, नदीकडच्या गल्लीत. त्या दिवशी सकाळी उठले तर गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्याला लागायच्या आधी, पाणी साठलेलं. तेवढ्यात फटकळ सिस्टरांचा फोन आला. त्यांनी मला स्वतःहून कधी फोन केला नव्हता. "मावशी, तुमची चंदगडची बाई आज-उद्याची हाय. सारखी अक्का अक्का करतीया. येऊ नका म्हणून सांगायला फोन केला, रस्ते बंद व्हायला लागल्यात. पण सांगितलं न्हाई तर तुम्ही मला बोलला असता."

मी साडी बदलली. मालक दारात काठी टेकून उभे होते.

"कुठं निघालीस?"

"दवाखान्यात."

"पाणी चढाय लागलंय. दिसत न्हाई?"

"दिसतंय. संध्याकाळपर्यंत येतो परत."

"ती बाई तुझी कोण?"

मी पदर खोचला. ते म्हणाले, "तुझा जीव काय तुझ्या एकटीचा हाय?"

हा प्रश्न मी नंतर कितीतरी वेळा स्वतःला विचारला. त्या वेळी मात्र मी फक्त एवढंच म्हटलं, "मी तिला शब्द दिलाय." आणि शेजाऱ्यांच्या दारात जाऊन सांगितलं की मालकांकडं लक्ष ठेवा.

दूध घेऊन जाणारा एक ट्रॅक्टर मला गल्लीच्या तोंडापर्यंत घेऊन आला. पुढं खोल होतं म्हणून ड्रायव्हरनं थांबवला. तिथं माणसांनी दोन खांबांना दोर बांधला होता. पलीकडं अडकलेले लोक दोर धरून घराकडं, इकडं येत होते. मी उलट्या दिशेनं निघाले. एक माणूस ओरडला, "मावशी, कुठं चाललाय?" मी थांबले नाही. पाणी कमरेला आलं, मग छातीला. मधोमध पायाखालचा रस्ता संपला, बहुतेक गटाराचा खड्डा होता, आणि मी खाली गेले. तोंडात, नाकात गढूळ पाणी. एक हात दोरावर होता तेवढाच. किती वेळ गेला कळलं नाही, फार नसेल. कुणीतरी माझ्या दंडाला धरून वर ओढलं.

त्या पाण्यात मला देव आठवला नाही. मालक आठवले नाहीत, पोर आठवली नाही. एकच वाटलं, आता ती वाट बघत राहणार. एवढंच. पलीकडं निघून चिखलात बसले तेव्हा मन विलक्षण शांत होतं. तशी शांतता मला दहा दिवसांच्या मौनातही मिळाली नव्हती. पुढं कधी चालत, कधी एका टेम्पोत उभी राहून शहरात पोचले.

वॉर्डात गेले तेव्हा अंगातून पाणी निथळत होतं. सिस्टरांनी आतून एक कोरडी साडी आणून माझ्या हातावर ठेवली. पण मी आधी खाटेजवळ गेले. तिनं डोळे उघडले. हात उचलायला तिला फार वेळ लागला. काळ्या बोटांनी तिनं माझ्या केसांना हात लावला.

"भिजलीस की," ती म्हणाली. "पूस."

तिचं नीट बोललेलं एवढंच शेवटचं. नंतर गुंगीत गेली.

सिस्टर म्हणाल्या होत्या आज-उद्याची, पण ती चार दिवस राहिली. संध्याकाळी मालकांचा फोन आला, "पाणी उंबऱ्याला लागलंय," आणि बोलता बोलताच बंद पडला. मग फोन लागेना. माझं तोंड धुणं, जेवण, झोपणं, सगळं वॉर्डातच. दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर आल्या. "मावशी, मदतीची बोट बावड्याकडं चाललीया. तुम्हाला घेतील. जाताय?"

मी खाटेकडं बघितलं. तिचा श्वास चालू होता, अडखळत. मालकांच्या खुब्यातली सळई मला दिसत होती. त्यांना जिना चढताना दोन्ही हात लागतात, मग सामान कोण उचलणार. सिस्टर उभ्या होत्या. मी म्हटलं, "न्हाई जात."

इथं मला स्वतःला चांगलं म्हणवून घ्यायचं नाही. शेजारी मालकांना सोडणार नाहीत, असं मी धरून चालले होते. मला माहीत नव्हतं. स्वतःचा जीव पणाला लावणं एक, आणि दुसऱ्याचा लावणं वेगळं. त्या दिवशी मी दुसरंही केलं. आजही मला ते पूर्ण बरोबर वाटत नाही, आणि पूर्ण चूकही वाटत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला ती गेली. माझा हात तिच्या हाताखाली होता. एक श्वास आला, मी पुढच्याची वाट बघत राहिले, तो आला नाही. खिडकीतून बघितलं तर पाऊस थांबलेला. मी तिचे केस विंचरले, सिस्टरांच्या मदतीनं तिला साडी नेसवली. पुतण्याचा पत्ता लागला नाही. एका संस्थेची माणसं तिला घेऊन गेली.

मालक बावड्यातल्या शाळेत सापडले. शेजाऱ्यांनी पहिल्याच संध्याकाळी त्यांना खांद्यावरून नेलं होतं. वर्गात बाकं जोडून केलेल्या अंथरुणावर बसले होते, दाढी वाढलेली. आजूबाजूच्या बायका माझ्याकडं बघून हळहळायला लागल्या. एक म्हणाली, "आता बरं वाटतंय का?" मला काही कळेना. मग उमजलं. बायको कुठं आहे असं विचारलं की मालक म्हणायचे, "दवाखान्यात हाय." लोकांना वाटलं मीच आजारी. त्यांनीही कुणाचा गैरसमज दूर केला नव्हता.

घरात हातभर गाळ होता. तो काढायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मालक माझ्याशी कामापुरतं बोलले. बादली दे, फडका कुठाय, एवढंच. शेवटी एका दुपारी ओल्या भिंतीला टेकून बसले होते, तिथून त्यांनी विचारलं, "मी त्या शाळेत मेलो असतो तर?"

मी गाळ खरवडत होते. थांबले. खोटं बोलून त्यांना बरं वाटलं असतं, पण इतक्या वर्षांच्या संसारात ते त्यांनी लगेच ओळखलं असतं. म्हटलं, "तर मी जन्मभर स्वतःला माफ केलं नसतं. आणि तरी त्या दिवशी मी गेलोच असतो."

त्यांनी काठीच्या टोकानं जमिनीवरचा गाळ उकरला. मग म्हणाले, "एवढं काय हाय तिथं?"

प्रवचनं ऐकून जमवलेले सगळे शब्द माझ्याकडं होते, पण एकही कामाचा नव्हता. मी म्हटलं, "चला एकदा, बघा."

ते लगेच आले नाहीत. दिवाळी झाल्यावर एका मंगळवारी स्वतःहून चप्पल घालून उभे राहिले. पुरुषांच्या वॉर्डात एक जख्ख म्हातारे होते, दाढी वाढून तोंडात जात होती. मालक त्यांच्याकडं बघत राहिले, मग वॉर्डबॉयकडून वस्तरा आणि साबण मागून घेतला. कारखान्यात असताना ते रोज सकाळी गुळगुळीत दाढी करून जायचे, तो त्यांचा एकच षोक. त्यांनी त्या म्हाताऱ्यांची दाढी केली. अर्धा तास लागला. गालाची सैल कातडी बोटानं ताणून धरायची, अलगद वस्तरा फिरवायचा, पुन्हा ताणायची. म्हाताऱ्यांनी डोळे मिटून घेतले होते. शेवटी मालकांनी ओल्या फडक्यानं तोंड पुसलं आणि तसेच खाटेच्या कडेवर बसून राहिले.

घरी आल्यावर म्हणाले, "मला न्हाई जमायचं हे रोज." त्यानंतर ते फक्त एकदाच आले. पण तेव्हापासून माझ्या जायच्या दिवशी सकाळी ते डबा भरून ठेवतात. भात थोडा चिकट होतो. डबा मी रिकामा करून आणते.

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मला जिने चढताना दम लागतो. पोर फोनवर म्हणते, आई आता पुरे कर, तूच पडशील तिथं. तिचं खरं आहे. पडेनही. वॉर्डात आता माझ्याशिवाय आणखी तिघी येतात, त्यातली एक कॉलेजात शिकवते. वार वाटून घेतलेत. मधल्या काळात कधीतरी माझ्या लक्षात आलं की ‘आपण कशासाठी जन्मलो’ हा जुना प्रश्न मी विचारेनाशी झालेय. त्याचं उत्तर सापडलं असं ठासून म्हणता येत नाही. त्या चार दिवसांत, तिच्या खाटेजवळ, तो एकदाही मनात आला नव्हता, आणि नंतर परतलाच नाही. प्रवचनांना जाणंही असंच कधीतरी सुटलं.

गेल्या आठवड्यात माझ्या वाट्याला एक ट्रक ड्रायव्हर आला होता. यकृत गेलेलं, पोट टम्म, डोळे हळदीसारखे. मी स्टूल ओढून बसले तशी त्यानं शिवी दिली. "कोण गं तू? पुण्य कमवायला आलीस व्हय? चल हो बाजूला." पाणी दिलं तर ग्लास उडवला. एवढ्या वर्षांत असं फार कमी वेळा झालंय, पण होतं. मी स्टूल उचललं आणि दाराजवळ जाऊन बसले, त्याला दिसेल न दिसेल अशी. तो भिंतीकडं तोंड करून पडला. दीड-दोन तास गेले. वॉर्डात जेवणाच्या गाड्या येऊन गेल्या. मला वाटलं झोपला असेल.

मग भिंतीकडं तोंड ठेवूनच तो म्हणाला, "अजून हाईस?"

"हाय की."

थोड्या वेळानं त्यानं पाणी मागितलं.